काटा बदलला की घड्याळ? काजव्याच्या उजेडात सापडलेलं एक रोप

दिवेलागणीनंतर झाडाला हात लावू नये, ते झोपलेलं असतं, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. संध्याकाळी चिंचेखाली किंवा रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाखाली उभं राहिलं तर ही नुसती समजूत नाही हे दिसतं. पानं खरोखरच मिटतात. चिंचेची ही झोप अलेक्झांडरच्या मोहिमेतल्या अँड्रोस्थेनिसनेही नोंदवून ठेवली आहे. पण सूर्य मावळला म्हणून पान मिटलं, यात नवल कसलं? नवल १७२९मध्ये समोर आलं. जाँ-जाक दॉर्तू द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. म्हणजे वेळ मोजणारं काहीतरी झाडाच्या आतच होतं.

ते ‘काहीतरी’ कशाचं बनलं आहे, याचा पहिला ठोस धागा हाती यायला मात्र १९९५ साल उजाडावं लागलं. तो धागा म्हणजे मोहरीच्या कुळातलं एक किरकोळ रोप. अंधाऱ्या खोलीतल्या एका कॅमेऱ्याने ते हजारो रोपांमधून वेचून काढलं. ते कसं सापडलं आणि सापडल्यावर त्याची कशी उलटतपासणी झाली, त्याचं हे प्रकरण. माझ्या मते यातली उलटतपासणी शोधापेक्षाही सरस आहे.

झाडं मागे का पडली

जैविक घड्याळ पहिल्यांदा दिसलं ते झाडात, पण त्याचं जनुक पहिल्यांदा सापडलं ते माशीत. १९७१मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सिमोर बेन्झर यांनी फळमाशीची तीन प्रकारची उत्परिवर्तनं दाखवली. एकीचा दिवस आखूड, एकीचा लांब आणि एकीला दिवसच नाही. तिन्हींमागे एकच जनुक होतं. पुढच्या काही वर्षांत बुरशीतही असंच जनुक सापडलं. झाडांच्या बाबतीत मात्र सगळं ठप्प होतं.

कारण साधं होतं. ज्या झाडांची हालचाल डोळ्यांत भरते, त्यांचं जनुकशास्त्र कोणी मांडलेलं नव्हतं. चिंचेच्या पिढ्या मोजत बसायला आयुष्य पुरायचं नाही. ज्या झाडाचं जनुकशास्त्र सगळ्यात सोयीचं, त्या अरॅबिडॉप्सिसची हालचाल तर डोळ्यांना जाणवतही नाही. हे मोहरीच्या कुळातलं बोटभर उंचीचं तण आहे. पाच गुणसूत्रं, बी ते बी प्रवास दोन महिन्यांच्या आत, हजारो रोपं एका टेबलावर मावतात. पण त्याच्या पानाला लाजाळूसारखा फुगीर सांधा नाही. देठाची एक बाजू दुसरीपेक्षा थोडी जास्त वाढते, मग उलट होतं, आणि पान किंचित वरखाली होतं, एवढंच.

लय मोजायचा दुसरा एक मार्ग होता. पानात हरितद्रव्य धरून ठेवणारं एक प्रथिन असतं आणि ते बनवणाऱ्या जनुकांच्या गटाला कॅब म्हणतात. कॅब जनुकं पहाट व्हायच्या आधीच कामाला लागतात, दिवसा जोरात चालतात आणि संध्याकाळी मंदावतात. दिवा सतत चालू ठेवला तरी ही भरती-ओहोटी थांबत नाही. म्हणजे घड्याळाचा एक काटा सापडला होता. पण तो वाचायचा कसा? दर तीन-चार तासांनी मूठभर रोपं उपटायची, द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायची, कुटायची आणि जनुक चाललं की त्याची नक्कल म्हणून बनणारा आरएनए मोजायचा. एका रोपातून एका वेळेचा एकच आकडा मिळायचा आणि रोप संपायचं. हजारांत एखादंच रोप बिघडलेलं असणार, त्याचे दोन-चार दिवस सलग पाहायचे आहेत, आणि पाहण्याची रीत अशी की पहिल्याच नजरेत ते मरणार. शोध अडला होता तो इथे.

काजव्याची उसनवारी

१९८६मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी तंबाखूच्या झाडात काजव्याचं एक जनुक घातलं होतं आणि चमकणाऱ्या झाडाचं छायाचित्र प्रसिद्ध केलं होतं. ते जनुक लुसिफरेज नावाचं विकर बनवतं. लुसिफरिन हे रसायन, प्राणवायू आणि पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी मिळालं की हे विकर पिवळसर हिरवा उजेड देतं. ते छायाचित्र पाहून बहुतेकांना गंमत वाटली असेल. स्टीव्ह के, नाम-हाय चुआ आणि तेव्हा विद्यार्थी असलेले अँड्र्यू मिलर यांना त्यात घड्याळाची तबकडी दिसली.

जनुकाच्या पुढच्या भागाला प्रमोटर म्हणतात. जनुक कधी आणि किती चालवायचं, हे तो ठरवतो. या गटाने कॅब-२ जनुकाचा प्रमोटर काढून काजव्याच्या जनुकापुढे जोडला आणि ही जोडणी अरॅबिडॉप्सिसमध्ये घातली. आता घड्याळ ज्या तालावर कॅब चालवणार, त्याच तालावर रोप उजळणार आणि विझणार होतं. लुसिफरिनचं पाणी वरून फवारायचं आणि लांबून पाहायचं. रोपाला धक्का नाही, कापाकापी नाही. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात सुरू झालेलं हे काम पुढे व्हर्जिनिया विद्यापीठात वाढलं आणि पहिला सविस्तर लेख १९९२मध्ये आला.

यात एक मेख होती. लुसिफरेज हे टिकाऊ प्रथिन आहे. सकाळी बनलेलं विकर रात्रीपर्यंत पेशीत तसंच राहिलं, तर उजेड नुसता साचत जाईल आणि ओहोटी कधी दिसणारच नाही. ओटीवरचा दिवा एकदा लावला की विझतच नाही म्हटल्यावर त्यावरून वेळ कशी ओळखणार? पण विकराच्या एका दोषानेच इथे हात दिला. लुसिफरिनवर काम करताकरता हे विकर स्वतःच निकामी होत जातं. म्हणून मोजणीच्या आधी लुसिफरिन फवारून साचलेलं जुनं विकर खर्ची टाकायचं. त्यानंतर जो उजेड दिसतो तो जवळजवळ सगळा ताज्या विकराचा, म्हणजे आत्ता जनुक किती चाललं आहे त्याचा. एरवी ज्याला खोट म्हटलं असतं, त्या गुणावर हे सगळं तंत्र उभं आहे.

अंधारी खोली

या रोपांचा उजेड काजव्यासारखा असेल अशी कल्पना केली तर फसायला होतं. अंधारात डोळे कितीही सरावले तरी रोप दिसत नाही. म्हणून कॅमेरा एकेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एकेक कण, मोजणारा लागला. आलेला फोटॉन आतल्या यंत्रणेत कितीतरी पट वाढवायचा, पडद्यावर त्याचा ठिपका उमटवायचा आणि असे ठिपके काही मिनिटं साठवत राहायचं. एका ताटलीत रोपांच्या रांगा असतात. चित्रात त्यांच्या जागी करड्या ठिपक्यांचे पुंजके दिसतात. शोभा काही नाही. पण संगणक प्रत्येक पुंजक्यातले ठिपके मोजतो, पुन्हा ठरल्या वेळी तेच करतो, आणि चार-पाच दिवसांनी प्रत्येक रोपाच्या नावे एक नागमोडी रेघ तयार होते. दोन शिखरांमधलं अंतर म्हणजे त्या रोपाचा दिवस.

आणखी एक अडथळा खास झाडांचाच होता. दिवा बंद केला की हिरवं पान लगेच काळोखं होत नाही. हरितद्रव्याने घेतलेल्या प्रकाशाचा थोडा अंश ते काही काळ परत टाकत राहतं. डोळ्यांना तो कळत नाही, पण फोटॉन मोजणाऱ्या कॅमेऱ्याला तो काजव्याच्या उजेडाला बुडवून टाकेल एवढा असतो. म्हणून आधी दिवा बंद करायचा, ही झळाळी ओसरेपर्यंत थांबायचं, मग चित्र घ्यायचं आणि दिवा पुन्हा लावायचा. रोपं पूर्ण अंधारात का ठेवली नाहीत, असं कुणी विचारेल. सलग अंधारात कॅबची लय लवकरच मावळते, म्हणून उजेड ठेवणं भाग होतं. ही झळाळी लक्षात ठेवा, ती पुन्हा येणार आहे.

तीन-साडेतीन तास

आता शोध सुरू करता आला. चमकणाऱ्या रोपांच्या बियांना ईएमएस या रसायनाने डीएनएत जागोजागी बदल घडवून आणले. त्या रोपांची पुढची पिढी वाढवली आणि हजारो रोपं कॅमेऱ्याखालून गेली. बहुतेकांच्या रेघा एकसारख्या होत्या, शिखरांमध्ये सुमारे साडेचोवीस तास. काहींच्या रेघा लांबल्या, काहींच्या आखडल्या. त्यांत एक रोप असं होतं की त्याचा दिवस जेमतेम २१ तासांचा होता.

साडेतीन तासांचा फरक एका दिवसात नजरेतून सुटू शकतो. पण अखंड उजेडात तो रोज साठत जातो. तीन दिवसांत दहा तासांच्या वर फरक पडतो आणि चौथ्या दिवशी शेजारचं रोप उजळत असताना हे विझायला आलेलं असतं. एकदा मोजून हे कळलं नसतं. सलग पाहिलं म्हणूनच कळलं.

मिलर, इझाबेल कारे, स्ट्रेयर, चुआ आणि के यांचा लेख १९९५मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. ‘कॅबच्या वेळा’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन या रोपाच्या बदलाला टॉक-१ नाव दिलं. घड्याळाची टिक-टॉक त्यात आपसूक आली. पुढे २००३मध्ये मिलर यांच्याच गटाने दुसऱ्या एका जनुकाला ‘टाइम फॉर कॉफी’, म्हणजे ‘टिक’, असं नाव देऊन जोडी पुरी केली. शास्त्रज्ञांची विनोदबुद्धी अशी जनुकांच्या नावांत उतरते.

उलटतपासणी

काटा भरभर फिरतो आहे, एवढंच आतापर्यंत दिसलं होतं. घड्याळच भरभर चालतं आहे, हे अजून ठरायचं होतं. बिघाड कदाचित फक्त कॅबच्या नियंत्रणात असेल. काजव्याच्या जोडणीतच काही गडबड झाली असेल. एकाच काट्याकडे कितीही चांगला कॅमेरा लावला तरी हा प्रश्न सुटत नाही. इथे संशोधकांनी दुसरा कॅमेरा आणला आणि तो अगदी साधा होता. रोपं एका बाजूने दिसतील अशी ठेवायची, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याने ठराविक वेळाने चित्र टिपायचं आणि कोवळ्या पानाचं टोक किती वरखाली झालं ते मोजायचं. द मेराँ यांनी डोळ्यांनी पाहिलं, तेच हे. पूर्वीच्या लोकांनी पानाला दोरा बांधून फिरत्या नळकांड्यावर रेघा काढून घेतल्या होत्या. अरॅबिडॉप्सिसचं पान दोऱ्याचा भारही सोसणार नाही. कॅमेऱ्याला भार नसतो.

या साध्या कॅमेऱ्यातही टॉक-१ रोपाच्या पानांचा दिवस आखूडच निघाला. पानाची हालचाल आणि कॅब जनुक यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. दोन वेगळे काटे सारख्याच घाईने फिरत होते. रोप बाकी सगळ्या बाबतीत धडधाकट दिसत होतं. बदलाची जागा पाचव्या गुणसूत्रावर असल्याचंही कळलं.

तरीही एक पळवाट उरते आणि चाणाक्ष वाचकाने ती पकडायला हवी. उजेड कमी-जास्त केला तरी अखंड उजेडातला रोपाचा दिवस लांबतो किंवा आखडतो. मग हे रोप उजेडच वेगळ्या रीतीने ‘पाहत’ असेल तर? घड्याळ ठीक आणि खिडकी मोठी, असंही असू शकतं. पुढच्या तपासण्यांत टॉक-१चा दिवस अंधारातही आखूड निघाला आणि पर्णरंध्रांच्या उघडझापीची लयसुद्धा आखूड निघाली.

पण मला सगळ्यात आवडते ती फुलांची परीक्षा. अरॅबिडॉप्सिस मोठ्या दिवसांत लवकर फुलतं आणि छोट्या दिवसांत रेंगाळतं. टॉक-१ छोट्या दिवसांतही लवकर फुलायचं, जणू त्याला दिवसाची लांबी कळतच नव्हती. मग संशोधकांनी रोपाऐवजी जगच बदललं. दिवस-रात्र मिळून २४ नव्हे तर २१ तासांचं चक्र लावलं. या चक्रात टॉक-१ला दिवसाची लांबी नीट कळली. आपल्या घड्याळाशी जुळणारा सूर्य मिळाल्यावर त्याच्यात दोष उरला नाही. डोळ्यात खोट असती तर २१ तासांच्या दिवसानेही ती गेली नसती. खोट चालीत होती. माझ्या लेखी इथे प्रकरणाचा निकाल लागला. आणि या निकालासाठी कॅमेराही लागला नाही, फुलं मोजली तरी पुरे होतं.

जनुक हाती आल्यावर

२०००मध्ये हा बदल ज्या जनुकात होता ते हाती लागलं, त्यालाही टॉक-१च म्हणतात. २००१मध्ये घड्याळाचा पहिला आराखडा मांडला गेला. सकाळी चालणारी दोन जनुकं, सीसीए-१ आणि एलएचवाय, टॉक-१ला दाबतात. ती ओसरली की संध्याकाळी टॉक-१ वर येतं आणि त्या दोघांना पुन्हा जागं करतं. सकाळ संध्याकाळला दाबते, संध्याकाळ सकाळला उठवते. आराखडा सुबक होता, पाठ्यपुस्तकांत गेला आणि त्याचा अर्धा भाग चुकीचा निघाला. २०१२मध्ये एकाहून अधिक गटांनी दाखवलं की टॉक-१ कुणाला उठवत नाही, तेही दाबण्याचंच काम करतं. कॅमेऱ्याने दिवस आखूड असल्याचं बिनचूक सांगितलं होतं. दातेरी चाकं कशी अडकली आहेत हे रेघांवरून ताडलं होतं, आणि ते ताडणं माणसांचं होतं.

घड्याळ असून झाडाला फायदा काय, याचं उत्तर केंब्रिजमध्ये २००५ साली मिळालं. आखूड दिवसाचं टॉक-१ आणि लांब दिवसाचं झेडटीएल अशी दोन रोपं २० आणि २८ तासांच्या चक्रांत वाढवली. ज्याचं घड्याळ बाहेरच्या चक्राशी जुळलं, त्याने जास्त कर्ब बांधला, जास्त हरितद्रव्य साठवलं आणि ते जास्त वाढलं.

कॅमेऱ्याने दिलेली आणखी एक गोष्ट कुटलेल्या रोपातून कधीच मिळाली नसती. ती म्हणजे जागा. रोप अख्खं समोर असल्यामुळे त्याचा कोणता भाग कधी उजळतो हे दिसतं. मिलर यांच्या गटाने २०००मध्ये एकाच रोपाच्या वेगवेगळ्या भागांना उलटसुलट वेळी उजेड दिला आणि मग सगळ्यांना अखंड उजेडात सोडलं. प्रत्येक भाग आपापल्या वेळेने चालत राहिला. आपल्या मेंदूत एक मुख्य घड्याळ असतं आणि शरीर त्याच्याशी वेळ जुळवून घेतं. झाडात असा कडक मुख्याध्यापक दिसला नाही. वर्गागणिक घड्याळं होती आणि सूर्य घंटा देत होता.

आता ती झळाळी. दिवा बंद केल्यावर पानातून येणारा तो नकोसा उजेड, ज्याच्या ओसरण्याची वाट पाहत बसावं लागायचं. २००९मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी तोच मोजायला घेतला आणि त्यालाही दिवसाची लय असल्याचं दाखवलं. याचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे. काजव्याचं जनुक न घालता, लुसिफरिन न फवारता, कोणत्याही हिरव्या पानाचं घड्याळ कॅमेऱ्याने वाचता येतं. प्रत्येक पिकात परकं जनुक घालणं सोपं नसतं, आणि नेमकं पिकांतच हे घड्याळ महत्त्वाचं आहे. टॉक-१च्या भाऊबंदांपैकी पीआरआर-३७ हे जनुक ज्वारीत आहे. ते मोठ्या दिवसांत फुलोरा लांबवतं. ते निकामी झालेले वाण दिवस मोठा असतानाही लवकर निसवतात. ज्वारी कोणत्या हंगामात पेरायची आणि कधी कापणीला येणार, या हिशेबाचं एक टोक असं त्या मोहरीच्या कुळातल्या तणाशी जाऊन भिडतं.

घरी करून पाहायचं असेल तर

काजव्याचं काम घरी होणार नाही, पण दुसरा कॅमेरा, म्हणजे पानाची हालचाल टिपणारा, कुणालाही लावता येईल. यासाठी चिंचेचं रोप अरॅबिडॉप्सिसपेक्षा उत्तम, कारण त्याची पानं मोठ्या ऐटीत मिटतात. चिंचोका रुजवा आणि रोपाला दोन-चार पानं आली की त्याला काही दिवस खिडकीत नेहमीचा दिवस-रात्र मिळू द्या. मग बंद कपाटात ठेवून दोन-तीन दिवस चित्रं घ्या. फ्लॅश अजिबात नको, कारण त्या झगमगाटाने घड्याळच पुढेमागे सरकेल. रात्री पाहू शकणारा अवरक्त दिव्यांचा साधा देखरेख कॅमेरा चालतो. दिवे ९४० नॅनोमीटरचे मिळाले तर बरे, ८५०चे अंधारात लालसर दिसतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक चित्र पुरतं. कॅमेऱ्याचं आपोआप उजळ-काळं करणं बंद ठेवा. कपाटाचं तापमान दुपारी चढत असेल तर तेही लिहून ठेवा, कारण पान तापमानाच्या मागे जात असेल तर ती लय झाडाची नव्हे, खोलीची.

आणि रोपाच्या शेजारी, त्याच चौकटीत, हिरव्या कागदाचं एक पान काडीला चिकटवून उभं करा. तिसऱ्या दिवशी रेघ काढाल तेव्हा दोन्ही पानांची काढा. कागदाचं पानही रोज संध्याकाळी मिटताना दिसलं, तर घड्याळ तुमच्या कॅमेऱ्यात आहे.